बॅटरीवरच्या स्कॅरिफायरने लॉनमधला थॅच कसा काढायचा: इंग्लंडात पहिल्यांदाच बाग हाती आलेल्यांसाठी

इंग्लंडात घर घेतलं की मागची बाग आपोआप गळ्यात पडते. पहिली एक-दोन वर्षं पंधरा दिवसांतून एकदा गवत कापलं की भागतं. मग एखाद्या फेब्रुवारीत लॉनवर पाय ठेवला की तो खाली दबतो, बुटाभोवती पाणी जमतं, आणि वाकून बघावं तर जे हिरवं दिसतंय त्यातलं निम्मं शेवाळच असतं. कुंपणापलीकडचे शेजारी सांगतात, स्कॅरिफाय करून घ्या, म्हणजे गवताच्या बुडाशी साठलेला मेलेला थर, थॅच, यंत्राच्या पात्यांनी खरवडून काढा. दुकानात बॅटरीवरची छोटी यंत्रं ओळीने मांडलेली असतात. त्यातलं कुठलं घ्यायचं, कधी चालवायचं आणि चालवल्यावर पुढे काय, हे मात्र खोक्यावर कळेल असं लिहिलेलं नसतं.

मी मिल्टन कीन्सला राहते. आमच्याकडची जमीन चिकणमातीची, निचरा बेताचा, त्यामुळे हे काम आमच्या घरी दरवर्षी नाही तरी एक-दोन वर्षांआड निघतंच. आधीच सांगते, यंत्र चालवणं हा यातला सगळ्यात सोपा भाग, जेमतेम तासाभराचा. लॉन सुधारणार की उजाड होणार हे ठरतं महिना कोणता निवडलात, पाती किती खोल सोडलीत आणि नंतरचे सहा आठवडे काय केलंत, यावर.

१. थॅच आहे का, आणि किती, ते आधी बघा

लॉनच्या कडेला, सहज नजरेत येणार नाही अशा जागी, जुन्या सुरीने तीन बाजूंनी काप देऊन बोटभर खोल त्रिकोणी ढेकूळ उचला. आडवं धरलं की तीन थर दिसतात. वर हिरवी पाती, खाली काळसर माती, आणि मध्ये एक फिकट तपकिरी थर. चिमटीत धरून ओढला तर हा मधला थर मातीसारखा चुरत नाही, तंतू तंतू होऊन सुटतो. मेलेली खोडं, जुनी मुळं, आडवे पसरलेले धुमारे, असं सगळं एकमेकांत गुंतून तो तयार झालेला असतो. हाच थॅच.

पट्टी लावून मोजा. साधारण १ सेंटिमीटरपर्यंत असेल तर यंत्र विकत घेऊ नका. तेवढा थर लॉनला हवाच असतो. तो ओल धरतो आणि पायाखालचा मार सोसतो. त्याहून जाड झाला की मात्र पावसाचं पाणी वरच अडतं, खत खाली पोचत नाही, आणि गवताची मुळं मातीत उतरायची सोडून थॅचमध्येच पसरतात. अशी मुळं जुलैच्या कोरड्या आठवड्यात पहिली वाळतात. बघून झालं की ढेकूळ जागेवर बसवून पायाने दाबून टाका.

कापलेलं गवत लॉनवरच पडू दिल्याने थॅच होतो, असं बरेच जण सांगतील. बारीक कापलेली पाती मुख्यतः पाणीच असतात, ती लवकर कुजतात. थॅच होतो तो चिवट खोडांचा आणि मुळांचा. म्हणून इथल्या लॉनमध्ये रेड फेस्क्यू आणि बेंट ही पसरणारी गवतं जास्त असली की थॅच लवकर साठतो. रायग्रास झुपक्याने वाढतं, त्याचा त्रास कमी. गावाकडे ज्यांनी हरळी उपटली आहे त्यांना पसरणारं गवत मातीवर कशी जाळी विणतं ते सांगायला नको. त्यात जमीन आम्लधर्मी किंवा घट्ट असेल तर गांडुळं आणि सूक्ष्म जीव कमी, म्हणजे कुजण्याचं काम आणखी मंद.

ढेकूळ उचललंच आहे, तर आणखी तीन गोष्टी बघून घ्या.

एक: गवत बुडापासून अलगद सुटून सतरंजीसारखं गुंडाळलं जातंय का, आणि खाली मातीत करड्या किंवा पांढऱ्या अळ्या आहेत का? तर दुखणं थॅचचं नाही. लेदरजॅकेट किंवा चेफर या अळ्या मुळं खातात. कावळे आणि मॅगपाय लॉन उकरत असतील तर कारण बहुधा हेच. अशा लॉनवर स्कॅरिफायर फिरवलात तर उरलंसुरलं गवतही पिशवीत येईल. आधी अळ्यांचा बंदोबस्त करा.

दोन: नव्या वसाहतीतलं घर असेल तर मातीजवळ प्लॅस्टिकच्या बारीक जाळीचे धागे दिसतात का? गुंडाळीच्या स्वरूपात येणाऱ्या काही टर्फला, म्हणजे तयार हिरवळीला, आधार म्हणून अशी जाळी असते. पात्यांना ती मिळाली की पिळून आसाभोवती बसते आणि कापून काढताना जीव मेटाकुटीला येतो. जाळी असेल तर यंत्राचा नाद सोडा आणि हाताच्या दंताळ्याने हलकेच वरवर ओढा.

तीन: स्क्रूड्रायव्हर मातीत खुपसून बघा. बोटभरही जात नसेल आणि थॅचही फारसा नसेल, तर साचणाऱ्या पाण्याचं कारण घट्ट जमीन आहे. तिथे गार्डन फोर्क, म्हणजे लांब दात्यांचा बागेचा काटा, कामाचा, स्कॅरिफायर नाही.

टर्फ घालून किंवा बी पेरून वर्ष-दीड वर्षच झालं असेल तर थांबा. मुळं अजून धरलेली नसतात.

२. महिना ठरवा

सप्टेंबर. शक्य असेल तर पहिला पंधरवडा, फार तर ऑक्टोबरचा पहिला आठवडा. स्कॉटलंडात असाल तर याच्याही थोडं आधी.

उन्हाळाभर तापलेली माती तेव्हा अजून उबदार असते, पाऊस सुरू झालेला असतो, आणि थंडी पडायच्या आत गवताला सावरायला सहा-आठ आठवडे मिळतात. एप्रिलमध्येही करता येतं, पण हलक्या हाताने, नुसतं शेवाळ काढण्यापुरतं. वसंतात माती उघडी पडली की तुमच्या बियांआधी रानगवत आणि डँडेलियन तिथे बस्तान मांडतात, आणि पाठोपाठ कोरडा उन्हाळा येतो. २०२२ आणि २०२५ च्या उन्हाळ्यांत इंग्लंडात बऱ्याच ठिकाणी होजपाइपवर बंदी आली होती. नुकत्याच खरवडलेल्या लॉनवर अशी बंदी आली तर बघत बसण्यापलीकडे काही उरत नाही.

आमच्या ओळखीतली मराठी घरं 'गणपती गेले की लॉन' असा हिशेब धरतात. तो बहुतेक वर्षी बरोबर बसतो, पण गणपतीआधी अधिक महिना येतो त्या वर्षी फसतो. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे गणेश चतुर्थीच १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला येते. विसर्जन उरकून, पाहुणे परतवून यंत्र बाहेर काढेपर्यंत ऑक्टोबर उजाडेल. अशा वर्षी लॉन आधी, गणपती नंतर.

कडक ऊन, दुष्काळ, दव गोठलेली सकाळ किंवा चिखल असताना हे काम करायचंच नाही. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात तशी जमीन हवी: माती आतून ओलसर, गवताची पाती वरून कोरडी.

३. यंत्र निवडताना

लॉन अगदीच छोटं, म्हणजे दोन गाड्या उभ्या राहतील एवढं असेल, तर वीस-पंचवीस पौंडांचा स्प्रिंग रेक, म्हणजे लवचिक दातांचं दंताळं, पुरे. दंड भरून येतात, पण काम होतं.

त्याहून मोठ्या लॉनला यंत्र घ्या. दुकानात दोन प्रकार शेजारी शेजारी असतात आणि नावांचा घोळ असतो. लॉन रेकरच्या रुळाला तारेचे लवचिक दात असतात. ते वरचा कचरा आणि शेवाळ ओढून काढतात. स्कॅरिफायरच्या रुळाला पोलादी पाती असतात. ती उभी कापत थॅचमधून मातीला टेकतात. बऱ्याच घरगुती यंत्रांबरोबर दोन्ही रूळ येतात आणि ते बदलता येतात. असंच घ्या. सप्टेंबरला पाती, एप्रिलला तारा.

बॅटरीवरच्या यंत्रांची रुंदी साधारण ३५ सेंटिमीटर असते. वायर पायात येत नाही, पात्याखाली सापडत नाही, शेडमधून एक्स्टेन्शन ओढावं लागत नाही, हा मोठा फायदा. विकत घेताना चार ठिकाणी फसगत होते.

- 'बेअर टूल' लिहिलेल्या खोक्यात बॅटरी आणि चार्जर नसतात. किंमत स्वस्त दिसते ती त्यामुळे.
- काही यंत्रं ३६ व्होल्टची असतात, म्हणजे १८ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकदम लावाव्या लागतात. घरात ड्रिलची एकच असेल तर यंत्र चालूच होत नाही.
- बॅटरी कंपनीगणिक वेगळी. आइनहेलची रायोबीला बसत नाही. घरात ज्या कंपनीचं ड्रिल किंवा स्ट्रिमर आहे तिचंच यंत्र घेणं शहाणपणाचं.
- ड्रिलबरोबर आलेली २ अँपिअर-तासांची बॅटरी यात टिकत नाही. किमान ४ हवी.

हिशेब करून बघा. १८ व्होल्ट गुणिले ४ अँपिअर-तास म्हणजे ७२ वॅट-तास, दोन बॅटऱ्यांचे १४४. दाट थॅचमध्ये मोटर सहज ५०० वॅट ओढते, म्हणजे प्रत्यक्ष चालण्याची वेळ पंधरा-वीस मिनिटं. आता १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद, म्हणजे ५० चौरस मीटरचं लॉन घ्या. पट्ट्यावर पट्टा थोडा चढवत गेलात तर सतरा पट्टे होतात, दोनदा फिरवायचं तर साडेतीनशे मीटर चाल. एका चार्जमध्ये निभावतं, पण काठावर. लॉन १०० चौरस मीटरच्या वर असेल तर दुसरी जोडी हाताशी ठेवा, नाही तर दिवसभर भाड्याने पेट्रोलचं यंत्र आणा. इतक्या मोठ्या लॉनवर बॅटरीचा हट्ट धरण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

४. कागद आणि सामान

कागद म्हटल्यावर हसू येईल, पण तीन गोष्टी लागतात. भाड्याच्या घरात असाल तर मालकाची ईमेलवर परवानगी घ्या, कारण काम झाल्यावर महिनाभर बाग उजाड दिसते आणि नेमकी त्याच आठवड्यात एजंटची पाहणी निघते. काम करण्याआधीचे फोटोही तारखेसह ठेवा. दुसरं, काउन्सिलच्या बागकचऱ्याच्या डब्याची वार्षिक वर्गणी. बहुतेक काउन्सिलं ती वेगळी घेतात आणि काही ठिकाणी हिवाळ्यात गाडी बंद असते. तिसरं, यंत्राची पावती. बऱ्याच कंपन्या ऑनलाइन नोंदणी केली की वॉरंटी वाढवून देतात, पण मुदत थोडी असते.

सामान:

- यंत्र, भरलेल्या बॅटऱ्या, चार्जर
- जाड हातमोजे, गॉगल, बंद बूट, कानांना मफ
- दंताळं, जुनी ताडपत्री किंवा चादर, बागेच्या मोठ्या पिशव्या
- गार्डन फोर्क
- गवताचं बी, ५० चौरस मीटरला साधारण १ किलो
- टॉप ड्रेसिंगची, म्हणजे लॉनवर वरून पसरायची माती, चौरस मीटरला २ किलोच्या आसपास, म्हणजे ५० चौरस मीटरला १०० किलो
- ऑटम लॉन फीड, म्हणजे लॉनचं शरद ऋतूतलं खत
- शेवाळ असेल तर आयर्न सल्फेट

१०० किलो माती ऐकून दचकू नका. २५ किलोच्या चार पिशव्या, लॉनवर पसरल्या की कुठे गेल्या ते दिसतही नाही. पण हॅचबॅकमधून एकट्याने आणू नका, कंबर धरते. घरपोच मागवा.

५. शेवाळ आधी मारा

जिवंत शेवाळावर यंत्र फिरवलं तर ते तुटून लॉनभर पसरतं आणि नव्या जागी रुजतं. म्हणून दोन आठवडे आधी आयर्न सल्फेट घाला, प्रमाण पाकिटावर असेल तेच. काही दिवसांत शेवाळ काळं पडतं. गवतही थोडं गडद होतं, त्याची काळजी नको.

काळजी करायची ती पॅटिओची. आयर्न सल्फेटचा एक दाणा ओल्या फरशीवर पडला तरी गंजाचा तांबूस डाग उठतो आणि तो जाता जात नाही. टाकून झालं की फरशी कोरडी असतानाच झाडा. आणि ते बूट घालून घरात जाऊ नका. इथे जिन्यापर्यंत सगळीकडे फिकट कार्पेट असतं. मुलं आणि कुत्रा-मांजर पाकिटावर सांगितलंय तोवर बाहेर सोडू नका.

'वीड अँड फीड' प्रकारची पाकिटं त्याच फळीवर असतात. ती घेऊ नका. त्यातलं तणनाशक काही आठवडे मातीत राहतं आणि तुम्ही टाकलेलं बी उगवू देत नाही.

६. आदल्या दिवशी

गवत अडीच-तीन सेंटिमीटरपर्यंत कापून घ्या. उंच असेल तर आठवडाभरात दोन टप्प्यांत उतरवा. एकदम भादरू नका.

मग लॉन नीट चालून तपासा. खडे, तंबूच्या खुंट्या, लेगोचे तुकडे, कपडे वाळवायच्या छत्रीची सॉकेट. रोबो मोवर असेल तर त्याची सीमारेषेची वायर जमिनीत जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरवर असते, कधीकधी नुसती पिना मारून वर ठेवलेली असते. बागेतल्या दिव्यांच्या वायरचंही तेच. जिथे जाते तिथे काठ्या रोवून खूण करा आणि त्या पट्ट्यात यंत्र नेऊ नका.

७. यंत्र चालवा

खोलीचा खटका बहुतेक यंत्रांवर चाकांजवळ असतो, तीन-चार पायऱ्यांचा. सुरुवात सर्वांत उथळ पायरीवरून. पाती मातीला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर ओरखडली पाहिजेत, त्याहून जास्त नाही. नांगर आणि कुळव यांत जो फरक, तोच इथे लक्षात ठेवा: आपल्याला नांगरायचं नाही. खोक्यावर 'उणे ९ मिलिमीटर' वगैरे लिहिलेलं असलं, तरी ती यंत्राची कमाल मर्यादा आहे.

बॅटरी सगळ्यात शेवटी बसवा. हँडल खाली दाबून पुढचा भाग उचला, सुरक्षेचं बटण दाबून खटका ओढा, रूळ पूर्ण वेगात आला की हलकेच टेकवा आणि लगेच चालायला लागा. चालत्या पात्यांसह एका जागी थांबलात की तिथे खड्डा पडलाच समजा. वळतानाही आधी पुढचा भाग उचलायचा, मग वळायचं.

एक-दोन मीटर चालून थांबा, बंद करा आणि वाकून बघा. पिंजलेला तपकिरी थॅच वर आलेला हवा. गवताच्या झुपक्यांमध्ये मातीच्या बारीक समांतर रेघा दिसायला हव्यात. नुसतं वर विंचरल्यासारखं झालं असेल तर एक पायरी खाली जा. मातीचे लपके उडत असतील, किंवा मुळांसकट हिरवे झुपके बाहेर येत असतील, तर एक पायरी वर.

कानही उघडे ठेवा, मफ असला तरी ऐकू येतं. बरोबर खोलीवर मोटरचा आवाज एकसारखा राहतो. तो खोल जाऊन घोगरा झाला, यंत्र पुढे ओढायला लागलं किंवा मध्येच बंद पडलं, तर पाती फार खोल आहेत किंवा गवत ओलं आहे. बॅटरीवरच्या यंत्राला जास्त भार आला की ते स्वतःच बंद होतं. पुन्हा पुन्हा खटका ओढून जबरदस्ती करू नका. पायरी वर घ्या आणि पाच मिनिटं थंड होऊ द्या.

यंत्राबरोबर येणारी पिशवी मी लावत नाही. दहा-बारा पावलांत भरते, मग दर वेळी थांबून रिकामी करायची, तेवढ्यात बॅटरी संपते. पिशवी काढून मागची झडप खाली ठेवली की कचरा लॉनवरच पडतो, तो नंतर दंताळ्याने गोळा करता येतो. झडप मात्र लावलेलीच हवी. खडा उडाला तर तो थेट नडगीवर येण्यापासून ती वाचवते.

पहिली फेरी लांबीच्या दिशेने. पडलेला कचरा दंताळ्याने ओढून घ्या. मग दुसरी फेरी तिरकी, पहिल्या रेघांना साधारण ४५ अंशांत. काटकोनात नेऊ नका, चौकटी पडून गवताचे चौकोनी तुकडे सुटतात. थॅच फार जाड, म्हणजे दोन-अडीच सेंटिमीटर असेल तरी तिसरी-चौथी फेरी करून एकाच दिवसात सगळा काढायचा मोह टाळा. उरलेला पुढच्या वर्षी.

पात्यांत काही अडकलं तर क्रम एकच: खटका सोडा, रूळ थांबू द्या, बॅटरी काढा, मग हात घाला. बॅटरी आत असताना हात घालू नका, अगदी एक काडी ओढायची असली तरी. पेट्रोलच्या यंत्राचा आवाज तुम्हाला सावध करतो. बॅटरीचं यंत्र गप्प उभं असतं आणि खटका चुकून दाबला की तत्क्षणी फिरतं.

आवाज लॉनमोवरएवढाच असतो, तरी रविवारी सकाळी नऊच्या आधी नको. शेजाऱ्यांशी वर्षभर राहायचंय.

आणि हो, काम संपल्यावर लॉन भयाण दिसतं. पिवळं, विरळ, ठिकठिकाणी माती उघडी. घरातले विचारतील, हे काय करून ठेवलंस? असंच दिसायला हवं.

८. कचरा

५० चौरस मीटरमधून निघणारा थॅच बघून विश्वास बसत नाही. काउन्सिलचा एक डबा पुरत नाही. ताडपत्रीवर ओढून पिशव्यांत भरा. डब्यात जाईल तेवढा घाला, उरलेला काउन्सिलच्या टिपवर, म्हणजे कचरा केंद्रावर न्या. काही ठिकाणी तिथे जायला आधी ऑनलाइन वेळ घ्यावी लागते.

कंपोस्टच्या ढिगात थोडा थोडा, ओल्या कचऱ्यात मिसळून घालता येतो. नुसता ढीग केला तर वर्षभर तसाच पडून राहतो. आधी कधी तणनाशक मारलं असेल तर कंपोस्टमध्ये अजिबात नको. वसंतात निघालेलं, औषध न घातलेलं शेवाळ एका कोपऱ्यात ठेवलंत तर ब्लॅकबर्ड आणि रॉबिन घरट्यांसाठी चोचीने घेऊन जातात, तेवढाच भार हलका.

९. फोर्क, बी, माती, खत

हे त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उरका. उघडी माती रिकामी ठेवली की तण येतंच.

आधी फोर्क. घट्ट जागी सुमारे १० सेंटिमीटर खोल खुपसा, थोडा मागेपुढे हलवा, काढा, वीतभर पुढे जा. सगळ्या लॉनवर जमलं नाही तरी मुलं जिथे फुटबॉल खेळतात तिथे कराच.

मग बी, चौरस मीटरला २० ग्रॅमच्या आसपास. अर्धं उभ्या दिशेने, अर्धं आडव्या दिशेने फोका, म्हणजे सारखं पडतं. रायग्रास आठवड्या-दोन आठवड्यांत उगवतं, फेस्क्यूला दोन-तीन आठवडे लागतात. कुंपणाच्या सावलीतल्या पट्ट्यात सावलीचं मिश्रण वापरा. तिथे साधं बी उगवतं आणि हिवाळ्यात विरून जातं.

वर टॉप ड्रेसिंग. घरी मिसळायचं तर ६ भाग शार्प सँड, म्हणजे खरखरीत वाळू, ३ भाग गाळलेली माती, १ भाग कुजलेला पालापाचोळा. बांधकामाची पिवळी सॉफ्ट सँड स्वस्त म्हणून घेऊ नका, ती दाबून बसते. ब्रशने किंवा दंताळ्याच्या पाठीने हलकेच सारा. गवताची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत, पुरली जाता कामा नयेत.

खत ऑटम फीडच घ्या, नायट्रोजन कमी आणि पोटॅश जास्त असलेलं. वसंतासाठीचं उरलेलं पाकीट वापरलंत तर कोवळी, लुसलुशीत पाती फुटतात आणि पहिल्या बुरशीला बळी पडतात.

१०. पुढचे सहा आठवडे

पाऊस नसेल तर रोज हलकं पाणी. माती वरून ओलसर हवी, डबकं नको. कबुतरं बी टिपतात, फार झाली तर बागेची जाळी पसरा.

नवं गवत ५-६ सेंटिमीटर झालं की पहिली कापणी, मोवर सर्वांत उंच पायरीवर आणि पातं धारदार. त्याआधी त्यावर चालणं कमीत कमी. ऑक्टोबरात पानगळ सुरू होते. ओली पानं आठवडाभर पडून राहिली की खालचं कोवळं गवत पिवळं पडतं. दंताळ्याने ओढलीत तर रोपं उपटतात, त्यापेक्षा ब्लोअरने हलकेच उडवा. दिवाळीला पाहुणे आले तर फुलबाज्या पॅटिओवरच लावायला सांगा.

चार ते सहा आठवड्यांत लॉन पुन्हा हिरवं दिसायला लागतं. दक्षिणेच्या कुंपणाच्या सावलीतला पट्टा मात्र दरवर्षी शेवाळणारच, यंत्र कितीही चांगलं असो. तिथे गवत थोडं उंच ठेवा, फांद्या छाटून उजेड येऊ द्या, नाही तर सरळ सावलीतली फर्न लावा. आम्ही शेवटी तेच केलं.

११. यंत्र ठेवताना

बॅटरी काढून मगच यंत्र उलटं करा. पात्यांवरची ओली माती ब्रशने झाडा, फडक्याने पुसा. होजपाइपने धुऊ नका, पाणी मोटरमध्ये शिरतं. पाती झिजून आखूड झाली असतील तर पूर्ण संच बदला. काही यंत्रांत ती उलटून दुसऱ्या धारेने वापरता येतात, पुस्तिकेत बघा.

बॅटऱ्या शेडमध्ये ठेवू नका. लिथियम बॅटरीला गोठणारी थंडी चालत नाही आणि शून्याच्या खाली ती चार्ज करायची नसते. घरात, कोरड्या कपाटात, साधारण अर्ध्या चार्जवर ठेवा. दोन-तीन महिन्यांनी एकदा बॅटरीवरचे चार्ज दाखवणारे दिवे तपासा. एकच दिवा लुकलुकत असेल तर थोडा चार्ज द्या. एप्रिलमध्ये तारांचा रूळ बसवून हलकी फेरी मारायची असेल तेव्हा ती जोडी तयार असेल.